नागपूर ते अंभोरा सायकलने, कुहीकडून जावं की भंडाऱ्याकडून?

पळसपान

नमस्कार सगळ्यांना. मी मानेवाड्यात राहते, रोड बाईक घेऊन वर्ष होत आलं. रोजचं म्हणजे सकाळी रिंग रोड नाहीतर फुटाळा, सेमिनरी हिल्स, आणि रविवारी ग्रुपबरोबर वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन तर्री पोहे खाऊन परत. आता जानेवारीत लहान भावाला घेऊन वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला जायचं मनात आहे. एका बाजूचे ७०-७५ किमी धरले तर जाऊन येऊन दीडशे होतात, एवढं आम्ही दोघांनीही एका दिवसात केलेलं नाही, पण पुढच्या हिवाळ्यात २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायची आहे, तिथे साडेतेरा तास मिळतात, त्याआधी दीडशे पायात असावेत असं वाटतं.

पण अंभोराच का, तर मला वैनगंगेचं खोरं सायकलवरून बघायचं आहे. गाडीने गेलो होतो तेव्हा काचेतून सगळं सर्रकन गेलं, थांबावंसं वाटलं तिथे थांबता आलं नाही. धानाची शेतं, तलाव, नदी, पूल हे सगळं हळू बघायचं आहे.

तर विचारायचं असं की कुही-मांढळवरून जाणारा रस्ता रोड बाईकला चालेल का, माझे टायर २८ मिमी रुंदीचे आहेत आणि भावाचे २५. परत त्याच रस्त्याने यावं की अंभोऱ्याच्या नवीन पुलावरून भंडाऱ्याला निघून हायवेने यावं? किती वाजता निघावं? आणि बायांसाठी वाटेत बाथरूमची काय सोय आहे हे कोणी बाईमाणूस सांगू शकेल तर फार बरं होईल, कारण ग्रुपमधल्या पुरुषांना विचारलं की ते म्हणतात होते काही ना काही.

वेलतूरवाला

ताई, कुहीकडूनच जा. माझं गाव वेलतूरजवळ आहे, आता दिघोरीत राहून राहिलो पण गावाकडे जाणं असतेच, कधी गाडीने कधी सायकलने, म्हणून हा रस्ता चांगला माहीत आहे.

मानेवाड्याहून दिघोरी, तिथून उमरेड रोड, मग डावीकडे कुहीचा फाटा लागते तो घ्यायचा, समोर कुही, मांढळ, वेलतूर आणि अंभोरा. उमरेड रोडच्या तुकड्यात मजा काहीच नाही, रस्ता रुंद आहे म्हणून गाड्या सुसाट जातात आणि उमरेडकडचे कोळशाचे ट्रक असतात, तेवढं डावी कड धरून शांतपणे काढून टाकायचं. फाटा वळले की सगळं बदलते. आधी कापूस आणि तूर दिसते, कुही सोडली की हळूहळू धानाच्या बांध्या सुरू होतात. आता एक आधीच सांगून ठेवतो, जानेवारीत धान कापून झालेला असते, हिरवागार धान पाहायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या. पण जानेवारीचंही वेगळं आहे, बांध्यांमध्ये लाखोळी असते, हरभरा असते, आणि जवस फुलला असला तर अख्खी बांधी निळी दिसते. कोणाकोणाचे कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, अजून उभे असतात, मळणी चालू असली तर रस्त्यावर तणस पसरलेली असते, तिच्यावरून सायकल नेऊ नका, खाली काय आहे दिसत नाही आणि पातळ टायर सरकते.

दुसरं म्हणजे मिरची. कुही, मांढळ, भिवापूर हा सगळा मिरचीचा पट्टा आहे, भिवापुरी मिरचीला तर जीआय मानांकन आहे. मांढळच्या आसपास सातरे, म्हणजे मिरची खुडायच्या जागा, लागतात, लाल मिरचीचे ढीगच्या ढीग पडलेले आणि बाया रांगेने बसून देठ खुडून राहिलेल्या. वाऱ्याची दिशा तुमच्याकडे असली तर ठसका लागल्याशिवाय राहत नाही, गॉगल लावा आणि तोंडावर बफ घ्या. लोक या रस्त्याने अंभोऱ्याला जातात आणि मांढळला थांबत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटते. वाकाटकांचे ताम्रपट सापडलेलं गाव आहे ते, दीड हजार वर्षांहून जुनं, आणि आज नागपूरच्या लोकांना फक्त एसटीच्या पाटीवर वाचून माहीत.

नदीचं म्हणाल तर ती या रस्त्याच्या कडेने वाहत नाही. वेलतूरपर्यंत तुम्हाला नाले दिसतील, तलाव दिसतील, माती बदलताना दिसेल, पिकं बदलताना दिसतील, आणि पाणी एकदम शेवटी येते. मला विचाराल तर सायकलने जायचं कारणच हे आहे, गाडीने गेलं की फक्त शेवटचं पाणी आणि पूल लक्षात राहते.

अंधारात निघू नका. म्हणजे शहरातून अंधारात निघालात तरी कुहीच्या समोर उजेडातच जा. हा सगळा भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या शेजारचा आहे, रानडुकरं रस्ता ओलांडतात, वाघाचीही ये-जा आहे. आणि वाघापेक्षा मला रेतीच्या टिप्परची जास्त भीती वाटते, पहाटे ते रिकामे रस्ते पाहून असे पळवतात की कड धरूनही जीव मुठीत येते.

हायवे_५३

मी उलट सांगेन. पहिल्यांदा दीडशे करताय तर आडरस्त्याला कशाला जाता? हायवेने सरळ भंडारा, साठेक किमी, शोल्डर म्हणजे कडेची पट्टी मोठी, ढाबे आहेत, पेट्रोल पंप आहेत, पंक्चरवाले आहेत, मौद्याला कन्हान ओलांडताना नदीही दिसते. भंडाऱ्याहून अंभोरा वीसच्या आतबाहेर. काही झालं तर हायवेवर दहा मिनिटांत मदत मिळते, मांढळच्या समोर सायकलचा हँगर, म्हणजे मागचा गिअर धरणारा तुकडा, तुटला तर काय कराल. आधी अंतर पचवा, खोरं कुठे पळून जात नाही.

रुंद_टायर

वरच्या भाऊंचा मदतीचा मुद्दा पटतो, पण हायवेने सकाळी पूर्वेकडे जाण्याबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाही ती म्हणजे सूर्य. जानेवारीत नागपूरला सूर्योदय सात वाजायच्या थोडा आधी, म्हणजे मौद्यापर्यंत तो थेट समोर आणि खाली असतो. तुमच्या डोळ्यांवर येतो ते सोडा, तुमच्या मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर तोच येतो आणि त्याला शोल्डरवरची सायकल दिसतच नाही. कुहीच्या रस्त्यालाही सकाळी सूर्य समोरच असतो हे खरं, पण फाट्यानंतर मागून येणारं वाहन बहुतेक ट्रॅक्टर, बंडी नाहीतर मोटरसायकल. संध्याकाळी पश्चिमेकडे येताना हेच उलट होतं. म्हणून हायवेने परत यायचंच असेल तर तीन-साडेतीनच्या आत नागपूर गाठायचं, नाहीतर हायवे नकोच. मागचा लाल लाईट दिवसभर ब्लिंकवर ठेवा, दोघांच्याही सायकलला.

आता चढाचं. लोक म्हणतात हा रस्ता सपाट आहे, डोळ्यांना तसाच दिसतो. पण नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पूर्ण जलपातळी २४५.५ मीटर, त्याचंच पाणी अंभोऱ्यापर्यंत मागे पसरलंय. म्हणजे मधले छोटे चढउतार सोडले तर सत्तर किमीमध्ये साठ-पासष्ट मीटर तुम्ही खाली उतरता. फार नाही हा उतार, ताज्या पायांना कळतही नाही, पण येताना थकलेल्या पायांना तेच परत चढायचं असतं. त्यामुळे जाताना अ‍ॅव्हरेज छान दिसलं म्हणून जोर लावायचा नाही, बोलता येईल अशा दमाने जायचं. वारा हिवाळ्यात बहुतेक उत्तर-ईशान्येचा, पहाटे शांत आणि दहा-अकरानंतर उठतो, भंडाऱ्याहून नागपूरकडे येताना तो बाजूने आणि थोडा पाठीवर मिळतो. पावसाळ्यात ही चक्कर याच दिशेने करू नका, तेव्हा पश्चिमेचा वारा पूर्ण हायवेभर छातीवर बसतो.

टायर. २८ एकदम ठीक. भावाचे २५ पण चालतील, पण त्याच्या फ्रेममध्ये २८ बसत असतील तर बदलून घ्या, पुढेही कामाला येतील. हवा १०० पीएसआय भरू नका, आपल्याकडे दुकानदार टायरवर लिहिलेला मोठ्यातला मोठा आकडा बघून भरून देतात आणि मग गावच्या रस्त्यावर हात बधिर होतात. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० च्या आसपास पुरतं, २५ मध्ये ८०-८५. फोटो काढायला थांबलात की सायकल रस्त्याच्या कडेला गवतात घालू नका, उचलून ठेवा, बाभळीचे काटे तिथेच असतात आणि ते लगेच हवा सोडत नाहीत, दहा किमी पुढे गेल्यावर सोडतात. पंक्चर काढताना काटा टायरमध्येच राहिला का हे आतून बोट हळू फिरवून बघा, नाहीतर नवीन ट्यूब पण तिथेच जाते.

प्रत्येकी दोन ट्यूब, लिव्हर, पॅच आणि हातपंप घ्या. आणि प्रेस्टा, म्हणजे रोड बाईकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह असेल, बहुतेक असेलच, तर पितळी अडॅप्टर नक्की घ्या. गावच्या सायकल दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा पाईप त्याशिवाय बसत नाही, अडॅप्टर अगदी स्वस्त येतो आणि त्याच्याविना माणूस हवा समोर असून उभा राहतो. हँगरचं म्हणाल तर तुमच्या फ्रेमचा एक जास्तीचा हँगर आणि तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक पिशवीत टाका, मग मांढळ काय नि मौदा काय सारखंच.

संत्राबर्फी

पळसपान, बाथरूमचं मी सांगते, मी आणि माझी मैत्रीण या बाजूला जात असतो. उमरेड रोडवर पेट्रोल पंप आहेत तिथे जाऊनच पुढे हो, पंपावर स्वच्छतागृह सगळ्यांसाठी असतं, पेट्रोल भरायलाच पाहिजे असं नाही, किल्ली मागायला लाजू नकोस. फाटा वळल्यावर कुही हे तालुक्याचं गाव, तिथे थांबायचंच. त्यानंतर मांढळ आणि वेलतूर. या गावांमध्ये मी सरळ एखाद्या घरी अंगणात बाई दिसली की विचारते, मावशी बाथरूम वापरू का, आणि आजवर कोणी नाही म्हटलं नाही, उलट पाणी देतात, कुठून आल्या, सायकलने काहून आल्या, घरी कोण आहे हे सगळं विचारतात. दहा मिनिटं जास्त धरून चाल, पटकन निघता येत नाही.

एक खास आपल्यासाठी. बिब शॉर्ट्स, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची शॉर्ट, घालू नकोस या राईडला. सायकलवर त्या चांगल्या वाटतात पण बाथरूमला जाताना जर्सी आणि जॅकेट सगळं काढावं लागतं, आणि गावच्या बाथरूममध्ये कपडे टांगायला खिळा असेलच असं नाही. साधी पॅडवाली शॉर्ट बरी. आणि बाथरूम नको म्हणून पाणी कमी प्यायचं हे आपण सगळ्याच करतो, ते अजिबात करू नकोस. थंडीत घाम दिसत नाही पण जातो, तासाला अर्धा लिटर तरी जायलाच हवं, एका बाटलीत ओआरएस आणि एकीत साधं पाणी. खायला केळी, चिक्की, भाजलेले फल्लीदाणे, आणि दर पाऊण तासाने थोडं थोडं, भूक लागायची वाट बघायची नाही.

सकाळी थंडी कडक असते, नागपूर ८-१० डिग्रीला आलेलं असतं आणि नाल्याजवळच्या खोलगट भागात त्याहून गार लागतं. हातमोजे पूर्ण बोटांचे घे. नऊनंतर सगळं काढावंसं वाटतं म्हणून पातळ जॅकेट, खिशात मावेल असं.

अंभोऱ्याला पुलाची गर्दी झाल्यापासून खायच्या टपऱ्या वाढल्या आहेत, मासोळी खाणार असाल तर तिथे ताजी मिळते, पण जेवून जड होऊन परत सत्तर किमी चालवायचं हा विचार करून खा. 😊

वैनगंगाकाठ

मी भंडाऱ्याचा. तुमच्या धाग्यात सगळं आलं पण नदीबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, थोडं मोठं होईल.

अंभोऱ्याला जो पाण्याचा मोठा पसारा दिसतो तो आमच्या लहानपणी नव्हता. वैनगंगा, कन्हान, आम आणि आणखी दोन लहान नद्या धरून पाच नद्यांचा संगम म्हणतात, मध्ये टेकडी आणि वर चैतन्येश्वराचं देऊळ, आणि उन्हाळ्यात खाली वाळूत चालत जाता यायचं. आता गोसीखुर्दचं बॅकवॉटर आहे. त्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि मग पाणी चढत गेलं तसतशी आमच्या आणि कुही तालुक्यातली गावं उठत गेली. तुम्हाला वाटेत सरळ रेषेत आखलेली, एकसारख्या प्लॉटची नवीन गावठाणं दिसतील, ती पुनर्वसनाची. तिथे चहाला थांबलात आणि कोणी म्हातारा माणूस बसलेला असला तर त्याला विचारा जुनं गाव कुठे होतं म्हणून, तो हात करून पाण्याकडे दाखवेल. म्हणूनच मोबाईलने नदीकाठाने जाणारा एखादा शॉर्टकट दाखवला तर गावात विचारल्याशिवाय घेऊ नका, जुने काही रस्ते पाण्यात गेलेले आहेत.

पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, सुमारे ७०५ मीटर लांब, केबलवर तोललेला, वर ४० मीटर उंचीवर बघायला गॅलरी. त्याआधी आम्हाला इकडून तिकडे जायचं तर नावेत बसायचं नाहीतर लांबून फिरून यायचं. लग्नाचं वऱ्हाड, बाजाराची माणसं सगळी नावेने. पूल झाल्याचा आनंद आम्हाला किती आहे हे शहरातून सेल्फीला येणाऱ्यांना कळणार नाही. सायकलने जाताना पुलाच्या सांध्यावरच्या जोडपट्ट्या तिरप्या ओलांडू नका, सरळ ओलांडा, पातळ टायर फटीत फसतो. रविवारी पुलावर माणसं रस्त्याच्या मधोमध उभी असतात, शनिवारी या किंवा मधल्या वारी या. महाशिवरात्रीला यात्रा असते, त्या दिवशी सायकल चालवायला जागाच नसते.

आता मनातलं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला येतं आणि कन्हानमधून इथे आमच्या वैनगंगेला. वरून पाणी निळं दिसतं, काठाशी जाऊन बघा, कुठे जलपर्णी, कुठे फेस. भंडाऱ्याचे लोक कितीतरी वर्षं हेच ओरडून राहिले. तुम्ही नागपूरहून सायकलने त्याच पाण्याच्या वाटेने येणार आहात, तर मला वाटतं ते बघून जा आणि जाऊन चार लोकांना सांगा. तोंड धुवायला, बाटली भरायला नदीचं पाणी घेऊ नका, गावातल्या नळाचं किंवा बोअरचं घ्या. जेलची पाकिटं, चिक्कीची कागदं खिशात घालून परत न्या. हिवाळ्यात बॅकवॉटरला चक्रवाकाच्या जोड्या उतरतात, गॅलरीपेक्षा काठावरून जास्त चांगल्या दिसतात, आवाज न करता थांबलात तर.

परतीचं म्हणाल तर अंभोरा ते भंडारा रस्ता चांगला आहे. भंडाऱ्याला पोहोचल्यावर पाय संपले असं वाटलं तर हायवेचे साठ किमी जिद्दीने काढू नका, वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे, गावापासून दहाएक किमी, तिथून नागपूरच्या गाड्या आहेत. सायकल पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी लागते, आणि गाडी थोडाच वेळ थांबते म्हणून निघायच्या दोन दिवस आधी चौकशी करून ठेवा की कोणत्या गाडीला घेतात.

हायवे_५३

रेल्वेचं माहीत नव्हतं, हे असेल तर माझा आक्षेप अर्धा कमी होतो. तरी एखादा माणूस गाडी घेऊन फोनवर तयार ठेवा.

पळसपान

किती छान आणि सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, भावाला पूर्ण धागा वाचून दाखवला. आमचं असं ठरतंय की शनिवारी पावणेसातला घरून निघायचं, उमरेड रोडवर पंपावर थांबून कुही, तिथे नाश्ता, मग मांढळला अर्धा तास, वेलतूर, अंभोरा. पूल ओलांडून भंडारा. तिथे दीडच्या आत पोहोचलो नाही तर हायवे नाही, सरळ वरठी. दीड ते तीन-साडेतीनमध्ये साठ किमी आमच्याने होणार नाहीत हे मला दिसतंय, म्हणजे जवळपास वरठीच समजा. मग शंभर-एकशेपाच किमीची राईड होईल आणि २०० च्या तयारीसाठी दीडशे राहून जातील, पण मला हीच राईड करायची आहे, दीडशे किमी वर्धा रोडलाही होतील. संत्राबर्फी ताई, बिबचं सांगितलंत ते फार बरं केलं, मी तीच घालणार होते.

वैनगंगाकाठ दादा, नाग नदीचं वाचून खरंच थांबले. आमच्या घरापासून ती काही फार लांब नाही. तिचं पुढे काय होतं हे बघूनच येऊ.

वेलतूरवाले भाऊ, मांढळला सातरा बघायला मिळेल का, म्हणजे आत गेलं तर चालतं का?

वेलतूरवाला

चालते ना ताई, काहून नाही चालणार. साडेनऊ-दहाच्या सुमारास पोहोचाल तर काम जोरात असते. आधी मालकाला नाहीतर दिवाणजीला विचारायचं, आणि फोटो काढायचा असेल तर त्या बायांना विचारूनच काढा, दिवसभर तिखटात हात घालून बसतात त्या, कोणी न विचारता मोबाईल समोर धरला तर कोणालाही आवडणार नाही. सायकली बाहेर वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभ्या करा. बाटल्यांची झाकणं बंद ठेवा, हातमोजे काढून खिशात घाला, मिरचीला हात लावलात तर डोळ्यांना लावू नका आणि समोर निघण्याआधी हात साबणाने दोनदा धुवा, कारण त्याच हाताने तुम्हाला नंतर केळी सोलायची आहेत.